प्रत आणि क्षण: सर्व्हरच्या स्मरणशक्तीचा छोटा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेल्या माणसाने सर्व्हर, डिस्क आणि फाईलींच्या भानगडीत कशाला पडावं? उत्तर साधं आहे. ‘एखादी वस्तू कालचीच आहे, हे आपण कशावरून म्हणतो?’ हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं विचारत आलो. संगणकाच्या क्षेत्रातल्या लोकांना हाच प्रश्न व्यवहारात सोडवावा लागला. आमचं उत्तर चुकलं तर फार तर परीक्षेतले गुण जातात. त्यांचं चुकलं तर हजारो लोकांचं काम बुडतं. म्हणून त्यांचा इतिहास आपण वाचायला हवा.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. पहिला शब्द रेप्लिकेशन. एका सर्व्हरवरच्या फाईलची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप उतरत राहणं, म्हणजे रेप्लिकेशन. मुख्य कचेरीत कोणी एखादं पत्र दुरुस्त केलं, की थोड्या वेळात शाखेच्या सर्व्हरवरही ते दुरुस्त होतं. दुसरा शब्द स्नॅपशॉट. डिस्कच्या एका अख्ख्या भागाला व्हॉल्यूम म्हणतात. त्या व्हॉल्यूमची एका विशिष्ट क्षणाची अवस्था जपून ठेवणं, म्हणजे स्नॅपशॉट. सकाळी सात वाजता डिस्कवर काय होतं, ते दुपारी, उद्या किंवा पुढच्या आठवड्यात पाहता यावं, ही त्यामागची कल्पना. थोडक्यात, रेप्लिकेशनमुळे एक गोष्ट अनेक ठिकाणी असते आणि स्नॅपशॉटमुळे ती एकाच ठिकाणी अनेक वेळांची असते. आमच्या भाषेत बोलायचं तर पहिल्याचा संबंध दिक्‌शी आहे, दुसऱ्याचा काळाशी.

आता बघा, पुष्कळ ठिकाणी एक युक्तिवाद ऐकू येतो. ‘आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, दोन्हीकडे सगळं आहे, मग आणखी काय हवं?’ ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: संकट येईल ते यंत्रावर येईल, मजकुरावर येणार नाही. यंत्र जळालं तर दुसरं यंत्र आहेच. पण फाईल कोणी चुकून पुसली तर? रेप्लिकेशन आपलं काम चोख करतं आणि ती दुसऱ्या सर्व्हरवरूनही पुसून टाकतं. पुसणं हासुद्धा एक बदलच, आणि बदल पोचवणं हेच त्याचं काम. ते आज्ञाधारक आहे, शहाणं नाही.

हे कळायला संगणकशास्त्राला किती वेळ लागला? खरं तर ज्यांनी नीट विचार केला त्यांना फार लवकर कळलं होतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत, जिथे युनिक्स जन्मली तिथेच, 1980च्या दशकाच्या अखेरीस ‘प्लॅन नाइन’ नावाची नवी प्रणाली घडत होती. केन थॉम्पसन, रॉब पाईक आणि त्यांचे सहकारी ती घडवत होते. तिच्या फाईल सर्व्हरला एक शिस्त लावली होती. रोज पहाटे पाच वाजता सगळ्या फाईलींची त्या क्षणाची अवस्था गोठवायची आणि ती एकदाच लिहिता येणाऱ्या, मग कधीही न पुसता येणाऱ्या ऑप्टिकल तबकड्यांवर उतरवायची. त्यांच्या मुख्य सर्व्हरला अशा तबकड्यांची 350 गिगाबाइटांची साठवण जोडलेली होती. त्या काळाच्या मानाने हा आकडा प्रचंड होता. गंमत पुढेच आहे. वापरणाऱ्याला जुनी फाईल हवी असेल तर कोणाला अर्ज करावा लागत नसे. साल आणि तारखेच्या नावाचे फोल्डर असत, त्यात शिरायचं आणि बघायचं. ‘येस्टर्डे’ नावाची एक आज्ञाच होती. ‘या फाईलचं कालचं रूप दाखव’ असं यंत्राला सरळ म्हणता येत होतं. 

पण अवघी डिस्क रोज उतरवून ठेवणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. इथे एक सुंदर युक्ती इतिहासात येते. आपल्याकडच्या जमाखर्चाच्या वह्या आठवा. जुन्या कारकुनाला खोडाखोड चालत नसे. रक्कम चुकली तर तो ती पुसत नसे, पुढच्या ओळीत दुरुस्तीची नोंद करत असे. मागची नोंद जागच्या जागी राहायची. 1992मध्ये डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी नेटअ‍ॅप ही कंपनी काढली. तिच्या फाईलप्रणालीचं नाव ‘वॅफल’. तिच्यावरचा निबंध 1994मध्ये प्रसिद्ध झाला. वॅफलचा नियम त्या कारकुनाचाच होता. नवा मजकूर जुन्या मजकुरावर लिहायचाच नाही, डिस्कवरच्या मोकळ्या जागी लिहायचा. असं केलं की स्नॅपशॉट घेणं अगदी स्वस्त होतं. सगळ्या फाईलींकडे नेणारी एक मूळ नोंद असते, तिची प्रत काढून ठेवली की झालं. मजकूर हलवावा लागत नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारी खूण जपायची. जागा लागते ती पुढे जेवढं बदलेल तेवढीच. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू अ‍ॅरन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली झेडएफएस प्रणाली 2005मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तीही याच वाटेने गेली.

दुसरी वाट थोडी वेगळी होती. जुन्या जागी नवं लिहायचंच असेल, तर लिहिण्यापूर्वी तिथला जुना तुकडा उचलून बाजूला ठेवायचा. याला ‘कॉपी-ऑन-राइट’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2003मध्ये सामायिक फोल्डरांसाठी ‘शॅडो कॉपी’ची सोय दिली, ती या पद्धतीची. मूळ मांडणीत ती सोमवार ते शुक्रवार सकाळी सात आणि दुपारी बारा अशी दोनदा सावली टिपते. एका व्हॉल्यूमवर अशा जास्तीत जास्त 64 सावल्या राहतात. पासष्टावी आली की सर्वांत जुनी निमूटपणे जाते. बाजूला काढलेल्या तुकड्यांसाठी ठरवलेली जागा भरली तरी जुन्या सावल्या जातात. हे लक्षात ठेवा, कारण ‘आमच्याकडे स्नॅपशॉट आहेत’ असं म्हणणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की किती दिवस मागचे आहेत?

रेप्लिकेशनचा इतिहास याला समांतर चालला होता. 1996मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. फाईलचा बदललेला भाग तेवढाच तारेवरून पाठवण्याची हुशारी त्यात होती. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 2000मध्ये फाईल रेप्लिकेशनची सेवा आली, पण ती अख्खी फाईल पाठवत असे. 2005च्या अखेरीस आलेल्या विंडोज सर्व्हर 2003 आर-टू या आवृत्तीत ‘डीएफएस रेप्लिकेशन’ आलं, आणि तेही बदललेला भाग तेवढाच पाठवू लागलं. दोन ठिकाणी दोघांनी एकच फाईल बदलली तर काय? ज्याने शेवटी लिहिलं त्याचं खरं. हरलेली प्रत एका बाजूच्या फोल्डरात जाते, पण त्या फोल्डरालाही आकाराची मर्यादा असते.

म्हणजे 2005पर्यंत दोन्ही साधनं सामान्य कचेरीच्या हाती आलेली होती. साहजिकच विचार आला, की दोन्ही एकत्र वापरू. रेप्लिकेशन यंत्र गेल्यावर सांभाळेल, स्नॅपशॉट मजकूर गेल्यावर सांभाळेल. विचार योग्यच आहे आणि आजही तो योग्य आहे. पण तो कसा अमलात आणायचा, यात दोन खोल प्रश्न दडले आहेत.

पहिला प्रश्न एकाच वेळेचा. समजा दोन सर्व्हर आहेत, दोन्हींवर सकाळी सात वाजता स्नॅपशॉट घेतला जातो. ही दोन चित्रं एकसारखी असतील का? मुळीच खात्री नाही. सातला पाच सेकंद कमी असताना एकीकडे बदललेली फाईल सात वाजता अजून वाटेवर असेल. पहिल्या चित्रात ती नवी, दुसऱ्यात जुनी. स्नॅपशॉट स्वतः रेप्लिकेशनने इकडून तिकडे जात नाहीत, ज्याची सावली त्याच्याच डिस्कवर राहते. के. मणी चँडी, जे आयआयटी मद्रासमध्ये शिकले, आणि लेस्ली लॅम्पोर्ट या दोघांचा 1985चा निबंध याच प्रश्नावर आहे: अनेक यंत्रं संदेशांनी जोडलेली असताना सगळ्यांची मिळून एक सुसंगत अवस्था कशी टिपायची? त्यांनी दृष्टांत दिला आहे तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी भरलेल्या आभाळाचा. एवढं आभाळ एका छायाचित्रात मावत नाही. अनेक छायाचित्रं जोडावी लागतात आणि तोवर पक्षी पुढे गेलेले असतात. त्यांनी दाखवलं, की प्रत्येक यंत्राची अवस्था टिपताना वाटेवर असलेले संदेशही हिशेबात धरले तर अर्थपूर्ण एकत्र चित्र मिळतं. व्यवहारात याचा धडा एवढाच, की दोन सर्व्हरवरचे दोन स्नॅपशॉट हे एकाच सत्याच्या दोन प्रती समजू नका. ते दोन साक्षीदार आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या जागेवरून पाहिलेलं आहे.

एकाच यंत्रातसुद्धा क्षण पकडणं सोपं नसतं, बरं का. डेटाबेस अर्धवट लिहीत असताना चित्र घेतलं तर अर्धं वाक्य हाती येईल. म्हणून विंडोजची सेवा चित्र घेण्यापूर्वी संबंधित प्रोग्रॅमांना ‘हातातलं आवरा आणि थांबा’ असं सांगते. हे थांबणं 60 सेकंदांपेक्षा जास्त चालत नाही, आणि प्रत्यक्ष लिखाण रोखून धरलं जातं ते फार तर 10 सेकंद. क्षण आयता सापडत नाही, तो असा घडवावा लागतो.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे, आणि आम्हांला तो जास्त भावतो. स्नॅपशॉट नुसता बघणं वेगळं आणि सबंध सर्व्हर त्या स्नॅपशॉटवर मागे नेणं वेगळं. एखादी जुनी फाईल स्नॅपशॉटमधून काढून आज परत ठेवली तर रेप्लिकेशन तिच्याकडे आजचा नवा बदल म्हणून बघतं आणि सगळीकडे पोचवतं. यात काही बिघडत नाही. पण अख्खं यंत्रच काल रात्रीच्या अवस्थेत नेलं तर? त्या यंत्राच्या लेखी आज उजाडलेलाच नाही. त्याच्या भावंडांनी मात्र आजचा दिवस पाहिलेला आहे.

विंडोजच्या डोमेन कंट्रोलरांच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसलं. कोण वापरकर्ता आहे, त्याचा पासवर्ड काय, अधिकार कोणते, ही सगळी माहिती हे सर्व्हर एकमेकांत वाटून घेतात. प्रत्येक जण आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो आणि इतर जण लक्षात ठेवतात, की अमक्याकडून आपण अमक्या क्रमांकापर्यंत ऐकलं आहे. आता समजा भावंडांनी एका सर्व्हरकडून 500पर्यंतचे बदल ऐकले आहेत, आणि त्या सर्व्हरला कोणी स्नॅपशॉट वापरून 400वर मागे नेलं. तो पुन्हा 401, 402 असे क्रमांक नव्या बदलांना देऊ लागतो. भावंडं म्हणतात, ‘हे तर आम्ही ऐकलंय,’ आणि दुर्लक्ष करतात. कुठे धूर नाही, आवाज नाही. दोघांच्या नोंदी हळूहळू वेगळ्या होत जातात. 

न्यायदर्शन आणि बौद्धांचा क्षणिकवाद यांचा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना इथे हसू येईल. ‘तोच हा देवदत्त’ असं आपण ओळखतो, ते ओळखणं खरं कशामुळे? नैयायिक म्हणतात, देवदत्त टिकून राहिला म्हणून. बौद्ध म्हणतात, टिकणारं काही नाही, क्षणामागून क्षण येणारी एक मालिका आहे, तिला ते ‘संतान’ म्हणतात. सर्व्हरची भावंडं नैयायिक होती. नाव तेच, ओळख तीच, म्हणून हा तोच. पण समोर उभा होता कालचा देवदत्त. यावर उपाय काय निघाला? विंडोज सर्व्हर 2012पासून, ज्या आभासी यंत्रात सर्व्हर चालतो त्याला एक खूण दिली जाते. यंत्र मागे नेलं की खूण बदलते. ते लक्षात येताच सर्व्हर आपली रेप्लिकेशनमधली ओळख टाकून नवी घेतो. जणू भावंडांना सांगतो, ‘मला आधीचा समजू नका, मी इथून नवा मोजा.’ बॅकअपमधून रीतसर परत आणतानाही हेच घडतं. गावाने पुढे गेल्यावर एकट्याने काल परत यायचं असेल, तर आपण मागे जाऊन आलो आहोत हे त्याला कबूल करावं लागतं. साध्या फाईलींच्या डीएफएस रेप्लिकेशनसाठी अशी आपोआप होणारी कबुली नाही. त्या सर्व्हरचं आभासी यंत्र स्नॅपशॉटवरून मागे नेऊ नका, असंच मायक्रोसॉफ्टचं सांगणं आहे. फाईली परत आणा, यंत्र मागे नेऊ नका.

आता तीन घटना बघू. तिन्ही जगजाहीर आहेत.

पहिली फेब्रुवारी 2011ची. गूगलच्या जीमेलमध्ये साठवणीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवताना दोष शिरला आणि सुमारे 0.02 टक्के लोकांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. पत्रांच्या प्रती अनेक केंद्रांत होत्या, पण दोष सर्व प्रतींना भोवला. शेवटी पत्रं परत आली ती चुंबकीय टेपांवरून. टेपा यंत्रणेपासून तुटलेल्या होत्या, म्हणून दोष त्यांच्यापर्यंत पोचला नाही. वेळ लागला, पण पत्रं आली.

दुसरी 31 जानेवारी 2017ची. गिटलॅब ही प्रोग्रॅमर लोकांची सेवा. तिच्या डेटाबेसचं रेप्लिकेशन अडकलं होतं. रात्री उशिरा ते दुरुस्त करताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचं समजून मुख्य सर्व्हरवरचंच फोल्डर पुसायला सुरुवात केली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण सुमारे 300 गिगाबाइटांपैकी 4.5 उरले होते. दुय्यम सर्व्हर आधीच रिकामा केलेला. नेहमीचे बॅकअप बघायला गेले तर आवृत्ती न जुळल्याने ते होतच नव्हते, आणि तसं सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. वाचवलं ते एका स्नॅपशॉटने. कोणीतरी चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी तो हाताने घेतला होता. त्या सहा तासांतले सुमारे 5000 प्रकल्प, 5000 टिप्पण्या आणि 700 नवी खाती गेली. कंपनीने सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, हे तिचं मोठेपण.

तिसरी 27 जून 2017ची. नॉटपेट्या नावाचा घातकी प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मायर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचं जगभरचं जाळं झोपलं. आपल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात याच समूहाच्या टर्मिनलचं काम त्या वेळी विस्कळीत झालं होतं. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी पुढे याची हकिकत तपशिलाने लिहिली. मायर्स्कचे सुमारे 150 डोमेन कंट्रोलर एकमेकांशी जुळवून घेत असत, त्यामुळे एक गेला तरी दुसरा होताच. सगळे एकदम जातील हे कोणी धरलं नव्हतं. एक तेवढा वाचला, घानामधला. तिथे वीज गेली होती आणि यंत्र जाळ्यापासून तुटलेलं होतं. घानातल्या माणसाने डिस्क नायजेरियापर्यंत नेली, तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला आणली. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं, की दहा दिवसांत 4000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले.

या घटनांत वाचवणारी वस्तू दर वेळी वेगळी होती: टेप, स्नॅपशॉट, वीज गेलेलं यंत्र. पण तिघांत एक गोष्ट सारखी आहे. तिघंही वर्तमानापासून तुटलेली होती. जे सतत जुळवून घेत होतं, ते सगळ्यांबरोबर गेलं. जे मागे राहिलं, ते वाचलं.

म्हणून स्नॅपशॉटवरही आंधळा विश्वास नको. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, डिस्क मेली की तोही मेला. मे 2017मध्ये पसरलेला वॉनाक्राय फाईली कुलूपबंद करताना यंत्रावरच्या शॅडो कॉपीही पुसत असे. चोराला तिजोरी कुठे असते ते माहीत झालं होतं. 

मग करायचं काय? रेप्लिकेशन ठेवा, कारण यंत्रं मरतात. प्रत्येक सर्व्हरवर स्नॅपशॉट ठेवा, कारण माणसं चुकतात, आणि ते किती दिवस मागे जातात ते मोजा. आणि तिसरी एक प्रत ठेवा, जाळ्यापासून तोडलेली, दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्याच्या ताब्यात. शेवटचं, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं: महिन्यातून एकदा एखादी जुनी फाईल प्रत्यक्ष परत आणून उघडून बघा. गिटलॅबकडे बॅकअपची योजना होती, फक्त ती चालते का हे कोणी पाहिलं नव्हतं. प्रमाण म्हणजे नुसतं असणं नव्हे, तपासलेलं असणं. तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्ही हेच सांगत आलो.

पुढच्या व्याख्यानात आपण याची उलटी बाजू घेऊ. सगळं जपून ठेवता येऊ लागल्यावर पुसण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिथे येईल. आज इथेच थांबतो.